एकरकमी पैसा की नोकरीची हमी: करार करताना दोन्ही एकाच काट्यावर कसं तोलायचं

वाटाघाटींच्या शेवटच्या आठवड्यात व्यवस्थापनाकडून बहुधा एकाच घाटाचा प्रस्ताव येतो. सही झाली की महिन्याभरात प्रत्येकाच्या खात्यावर दोन-तीन पगारांइतकी रक्कम, पगारवाढ जेमतेम, आणि मनुष्यबळाच्या कलमात ‘व्यवसायाच्या गरजेनुसार’ असे दोन शब्द नव्याने घुसवलेले. रक्कम लगेच दिसते, पण त्या दोन शब्दांचा हिशेब दोन वर्षांनी चुकता होतो. तेव्हा युनियनच्या वाटाघाटी कमिटीचं खरं काम हे की हे दोन्ही एकाच मापात आणायचं. ते माप म्हणजे ‘पगाराचे महिने’. एकरकमी रक्कम किती महिन्यांच्या पगाराइतकी, पगारवाढ किती महिन्यांची, हमी किती महिन्यांची, असं सगळं या एका एककात मांडलं की भावनेवर चाललेला वाद आकड्यांवर येतो.

पुढचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या युनिटचे आकडे घालून हिशेब पुन्हा करा, पण पायऱ्या याच ठेवा.

आधी धोका खरा आहे का ते बघा

नसलेल्या धोक्यावरची हमी विकत घेऊ नये. आणि धोका खरा असताना ती मिळाली नाही तर रकमेवर समाधान मानू नये. म्हणून करार संपण्याच्या किमान 6 महिने आधी व्यवस्थापनाला माहितीसाठी लेखी पत्र द्या. त्यात मागायचं ते असं: मागच्या 3 वर्षांची विभागवार कामगारसंख्या दर महिन्याची, कायम, तात्पुरते आणि कंत्राटी असे वेगळे आकडे; पुढच्या 5 वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची वर्षवार संख्या; ओव्हरटाइमचे तास; बाहेर दिलेल्या कामांची यादी आणि त्या कंत्राटांच्या मुदती; कोणतं उत्पादन कधी बंद होणार; आणि नवी गुंतवणूक किती, घसारा किती.

शेवटची जोडी फार बोलकी असते. घसारा 100 आणि नवी गुंतवणूक 40, असं सलग तीन-चार वर्षं चाललं असेल तर यंत्रं झिजतायत त्या वेगाने बदलली जात नाहीत. मालक त्या जागेतून पैसा काढून घेतोय, घालत नाही. एकाच वर्षाचा कमी आकडा बघून मात्र घाबरू नका; आदल्या वर्षी नवी लाइन टाकली असेल तर पुढचं वर्ष कोरडंच जातं.

कागद मिळाले नाहीत तरी शॉप फ्लोअर बोलतो. स्पेअर पार्टची ऑर्डर ‘पुढच्या तिमाहीत’ म्हणून ढकलली जाते. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेले साचे परत येत नाहीत. कोणीतरी अनोळखी माणसं येऊन कामाची एकेक पायरी कॅमेऱ्यात टिपून नेतात. दुसऱ्या प्लांटची पोरं ‘ट्रेनिंग’ला येऊन बसतात. प्रत्येक विभागात एकाने साधी वही ठेवावी: तारीख, यंत्राचा किंवा साच्याचा क्रमांक, काय झालं, कोणी सांगितलं. टेबलावर ‘लोक असं म्हणतात’ याला काडीची किंमत नसते. ‘साचा क्रमांक 14, अमुक तारखेला गेला, सात महिने झाले’ याला असते.

आता नैसर्गिक गळती काढा, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. समजा 1000 कायम कामगार आहेत आणि निवृत्ती, राजीनामे, मृत्यू धरून दरवर्षी 5 टक्के कमी होतात. पहिल्या वर्षाअखेरीस 950, दुसऱ्या 902, तिसऱ्या 857. व्यवस्थापनाला तीन वर्षांनी 860 माणसं हवी असतील, तर ‘कराराच्या काळात एकालाही कमी करणार नाही’ हे वचन त्यांना फुकट पडतं. कपात न करताच त्यांचा आकडा जुळतो, आणि त्या वचनाच्या बदल्यात तुम्ही पगारवाढीचे दोन टक्के सोडून आलेले असता. अशा ठिकाणी कपातबंदीऐवजी संख्येची खालची मर्यादा मागावी. तिच्याबद्दल पुढे येईलच.

रोख रकमेची खरी किंमत

एकरकमी रक्कम मूळ पगारात मिसळत नाही. पुढच्या वाढीचा टक्का तिच्यावर लागत नाही, ओव्हरटाइमचा दर तिने वाढत नाही, निवृत्तीची देणी बहुतेक ठिकाणी तिच्यावर मोजली जात नाहीत. म्हणूनच ती देताना व्यवस्थापनाचा हात सैल असतो.

आजचा मासिक पगार 100 धरा आणि करार 3 वर्षांचा. पहिला प्रस्ताव: 3 पगारांइतकी रोख, म्हणजे 300, आणि दरवर्षी 2 टक्के वाढ. दुसरा: रोख शून्य, वाढ 5, 4 आणि 4 टक्के.

पहिल्यात पगार 102, 104.04 आणि 106.12 होतो. तीन वर्षांचा एकूण पगार 3746, त्यात 300 घातले की 4046. दुसऱ्यात पगार 105, 109.20 आणि 113.57, एकूण 3933. म्हणजे तीन वर्षांत रोखीचा प्रस्ताव 113 ने, जवळजवळ सव्वा पगाराने नाही तरी एका पगाराहून थोडा जास्त, पुढे आहे. तुम्हाला सांगितलं जातं ‘तीन पगार’, हातात पडतो त्यातला 1.1.

आणि गंमत इथे संपत नाही. करार संपताना पहिल्या माणसाचा पगार 106.12 आहे, दुसऱ्याचा 113.57. फरक दरमहा 7.45. पुढच्या कराराच्या सोळाव्या महिन्यात ती 113 ची आघाडी फिटते, आणि त्यानंतर नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत दरमहा तोटाच. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या सभासदाला रोख खरंच फायद्याची आहे. तिशीतल्याला नाही. सभेत दोघांचा हिशेब वेगवेगळा करून दाखवा. ‘सगळ्यांना फायदा’ असं म्हणणं खोटं ठरेल.

रोख घ्यायचीच ठरली तर चार गोष्टी कलमात लिहूनच घ्या. सहीपासून किती दिवसांत मिळणार. कोणाला मिळणार: रजेवर असलेले, आजारी, बाळंतपणाच्या रजेवरच्या, निलंबित, ले-ऑफवर असलेले, तात्पुरते. करार संपण्याआधी नोकरी सुटली तर रक्कम परत मागता येणार नाही हे वाक्य. आणि कर कापून हातात किती येईल याचा आकडा, कारण एकाच महिन्यात मोठी रक्कम आली की कपातही मोठी होते आणि सगळा राग कमिटीवर निघतो.

हमीची किंमत काढायची पद्धत

हमी नसेल तर काय होऊ शकतं, त्याच्या दोन-तीन शक्यता लिहा. प्रत्येकीत किती माणसं जातील, एका माणसाचं किती नुकसान, आणि ती शक्यता किती, याचा गुणाकार करा.

कपातीत सापडलेल्या एका माणसाचं नुकसान असं मोजा. 8 महिने काम नाही: 8 पगार. मग मिळालेली नोकरी 20 टक्के कमी पगाराची, ती तूट दोन वर्षं धरली तर 4.8 पगार. सेवेच्या वर्षांवर मिळणारे लाभ बुडाले: 1.2. त्यातून कपातीची भरपाई 2 पगार वजा. उरतं 12. म्हणजे एका माणसामागे वर्षभराचा पगार.

आता वरच्याच 1000 माणसांच्या युनिटमध्ये व्यवस्थापनाला तीन वर्षांनी 750 माणसं हवी आहेत असं तुमच्या माहितीवरून दिसतंय. गळतीनंतर 857 उरतात, म्हणजे 107 जणांना घरी पाठवलं जाईल. 107 गुणिले 12 म्हणजे 1284 पगार. याची शक्यता 60 टक्के धरली तर 770. दुसरी शक्यता अख्खा प्लांट बंद होण्याची, ती 10 टक्के धरा. तेव्हा एकाच दिवशी एकाच भागात 857 माणसं काम शोधायला निघतात, म्हणून प्रत्येकाचं नुकसान 12 नव्हे, 20 पगार धरावं. 17,140 चे 10 टक्के, 1714. दोन्हींची बेरीज 2484 पगार, माणशी जवळजवळ अडीच पगार.

इथे दोन गोष्टी नीट बघा. एक, कमी शक्यतेचा पण मोठा धोका हा जास्त शक्यतेच्या लहान धोक्याच्या दुप्पट वजनाचा निघाला. कमिट्या नेहमी 107 जणांवर भांडतात आणि ‘प्लांट कुठे बंद होतोय’ म्हणून दुसरा हिशेब करतच नाहीत. दोन, ‘माणशी अडीच पगार’ ही सरासरी आहे आणि ती प्रत्यक्षात कोणाच्याच वाट्याला येत नाही. कपात सेवाज्येष्ठतेने होत असेल तर यादीच्या तळाच्या 107 जणांचं प्रत्येकी वर्षभराचं उत्पन्न जातं आणि वरच्यांचं काहीच जात नाही. म्हणून सरासरीला दीड-दोनने गुणावं असं आमचं मत आहे: बाराच्या बारा पगार एकाच घरातून जाणं आणि बारा घरांतून एकेक जाणं यांत फरक आहे, आणि पहिल्या प्रकारचा विमा युनियनशिवाय कोणी उतरवत नाही.

मग उलट बाजूने सूट द्या. कलम पक्कं नसेल तर किंमत कमी धरा. फक्त अर्धं भरवशाचं असेल तर (वरचा दीड-दोनचा गुणाकार न धरता) अडीचचे सव्वा पगार झाले, आणि समोरच्या 1.1 पगाराच्या रोखीशी ते जवळजवळ बरोबरीत आलं. म्हणजे सगळा निर्णय शेवटी कलमाच्या भाषेवर येऊन ठेपतो.

कलमाचे शब्द

इथे वेळ घालवा. बाकीचं सगळं एका दिवसात उरकलं तरी चालेल.

अमेरिकेतल्या वाहन कामगारांच्या युनियनने, यूएडब्ल्यूने, 2015 मध्ये जनरल मोटर्सशी केलेल्या करारात कराराच्या काळात प्लांट बंद न करण्याचं कलम होतं. 26 नोव्हेंबर 2018 रोजी कंपनीने जाहीर केलं की ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनसह काही प्लांट ‘अनअ‍ॅलोकेटेड’ राहतील, म्हणजे त्यांना कोणतंही उत्पादन नेमून दिलेलं नसेल. ‘बंद’ हा शब्द टाळला. 6 मार्च 2019 रोजी लॉर्ड्सटाउनच्या लाइनवरून शेवटची गाडी उतरली. युनियनने कोर्टात दावा केला, सप्टेंबरमध्ये सुरू झालेला संप 40 दिवस चालला, आणि ऑक्टोबरमध्ये मंजूर झालेल्या करारात प्रत्येक कायम कामगाराला 11,000 डॉलर एकरकमी मिळाले. जनरल मोटर्सने लॉर्ड्सटाउन मात्र पुन्हा सुरू केलं नाही. जे कलम ‘बंद’ या शब्दावर उभं असतं ते दुसरा शब्द वापरला की कोसळतं. 2023 च्या करारात याच युनियनने प्लांट बंद करण्यावरून कराराच्या काळातही संप करण्याचा हक्क मिळवला. म्हणजे शब्दाच्या जागी दंड आला.

म्हणून नाव नको, मोजता येणारी गोष्ट हवी. कामगारसंख्या मोजता येते, शिफ्ट मोजता येतात, लाइनवरून उतरलेले नग मोजता येतात. नमुना म्हणून एक मसुदा:

‘सहीच्या दिनांकापासून (दिनांक) पर्यंत या ठिकाणी अनुसूची अ मधील प्रत्येक विभागात कायम कामगारांची संख्या तिथे दिलेल्या आकड्याखाली जाणार नाही. निवृत्ती, राजीनामा, मृत्यू, बदली, बडतर्फी वा अन्य कोणत्याही कारणाने संख्या खाली आल्यास व्यवस्थापन 60 दिवसांत कायम भरती करेल. तशी भरती न झाल्यास प्रत्येक रिक्त जागेमागे दरमहा त्या श्रेणीचा पूर्ण पगार व भत्ते इतकी रक्कम कामगार कल्याण निधीत जमा करेल.’

या मसुद्यात काम करतंय ते शेवटचं वाक्य. जागा रिकामी ठेवून काहीच वाचत नसेल तर ती रिकामी ठेवण्याचं कारण उरत नाही. ‘वा अन्य कोणत्याही कारणाने’ हेही सोडू नका, नाहीतर कारणांची यादी हीच पळवाट होते. आणि अनुसूचीतला आकडा विभागवार हवा. एकूण आकडा लिहिला की उत्पादनातले 60 कमी होतात, ऑफिसात 60 वाढतात आणि अट पाळली असं होतं.

मसुदा वाचताना लाल पेनाने खूण करायची ती या शब्दांवर: ‘शक्यतो’, ‘प्रयत्न केला जाईल’, ‘परिस्थिती अनुकूल असल्यास’, ‘बाजारातील मागणीच्या अधीन’. मागणीची अट काढता येत नसेल तर तिलाही आकडा लावा: सलग 2 तिमाही ऑर्डर आधीच्या 8 तिमाहींच्या सरासरीपेक्षा 25 टक्क्यांनी खाली गेल्या तरच, तेही युनियनने नेमलेल्या हिशेबतपासनिसाने आकडे बघितल्यावर. आकडा नसलेली अट मंदीच्या पहिल्या बातमीला लागू होते.

मालक बदलला तर काय, याचं उत्तर कलमात नसेल तर हमी विक्रीच्या दिवशी संपू शकते. ‘विक्री, विलीनीकरण वा विभाजन झाल्यास नवा मालक हा करार लेखी स्वीकारेल, ही विक्रीची पूर्वअट राहील’ असं वाक्य घ्या. काम बाहेर देण्यावर मर्यादा घ्या, कारण माणसं न काढता काम काढून नेता येतं. मग वर्षभराने ‘कामच नाही’ हे खरं ठरतं. नवं तंत्रज्ञान आणायचं असेल तर 6 महिने आधी लेखी नोटीस, प्रशिक्षण कामाच्या वेळेत आणि पूर्ण पगारावर. स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तर अर्ज परत घ्यायला किमान 15 दिवस, आणि अर्ज करायला बोलावलेल्या प्रत्येक मुलाखतीत युनियनचा प्रतिनिधी. ‘स्वेच्छा’ हा शब्द किती वेळा बंद केबिनमध्ये घडवला जातो हे कमिटीत बसलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

हमीची मुदत करार संपण्याच्या तारखेनंतर निदान 6 महिने ठेवा. दोन्ही एकाच दिवशी संपल्या तर पुढच्या वाटाघाटीत तीच हमी तुम्हाला दुसऱ्यांदा विकली जाते.

आणि तंटा झालाच तर? नेहमीचा रस्ता धरला तर निकाल येईपर्यंत प्लांटमध्ये गवत उगवलेलं असतं. नाव आधीच ठरवलेला लवाद, तक्रारीपासून 30 दिवसांत निर्णय, आणि निर्णय होईपर्यंत माणसं जागेवर, ही तीन अंगं एकत्र असतील तरच कलमाला दात असतात.

रोखीच्या बदल्यात काय विकू नये

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या युनियनने, आयएलडब्ल्यूयूने, 1960 मध्ये यांत्रिकीकरणाचा करार केला. मालकांनी साडेपाच वर्षांत 2 कोटी 90 लाख डॉलरचा निधी द्यायचा, नोंदणीकृत कामगारांना कपात नाही, लवकर निवृत्तीची सोय. बदल्यात युनियनने कामाचे जुने नियम सैल करायचे. हमी आणि पैसा दोन्ही एकत्र मिळवण्याचा हा नमुना आजही अभ्यासण्यासारखा आहे. पण त्याची कड कुठे होती तेही बघा: पूर्ण नोंदणी असलेल्यांनाच ते कवच होतं. ‘बी’ गटातले आणि हंगामी कामगार बाहेर राहिले. शिवाय कामाचे नियम एकदा सोडले की परत मिळत नाहीत. निधीची मुदत संपते.

दुसरा प्रकार दोन श्रेणींचा पगार. जुन्यांना सगळं राखायचं, पुढे लागणाऱ्यांना कमी दर. 2007 च्या यूएडब्ल्यूच्या करारांत नव्या कामगारांचा ताशी दर जुन्यांच्या साधारण निम्मा ठरला. मतदानाच्या दिवशी हे कोणालाच दुखत नाही, कारण ज्याचं नुकसान होणार तो सभागृहात नसतो. पण दरवर्षी निवृत्तीबरोबर त्याची संख्या वाढते, आणि शेजारी उभं राहून तेच काम निम्म्या दराने करणारा माणूस पुढच्या संपात तुमच्यासाठी का उभा राहील? शिवाय महाग जुन्या माणसाला घालवून स्वस्त नवा आणण्याचं कारण तुम्हीच करारात लिहून दिलेलं असतं. दोन श्रेणी हा नोकरीच्या हमीवरचाच घाला आहे, पगाराचं कलम म्हणून तो आत येतो एवढंच. टाळता आलंच नाही तर खालच्या श्रेणीतून वर जाण्याची मुदत वर्षांत लिहून घ्या.

पैसा कमी करून नोकऱ्या राखायच्या असतील तर कामाचे तास वाटून घेणं हा जास्त प्रामाणिक मार्ग आहे. फोक्सवॅगनमध्ये 1994 पासून आठवडा 36 तासांवरून 28.8 तासांवर आणला, सुमारे 30,000 नोकऱ्या वाचवण्यासाठी. वर्षाचं उत्पन्न कमी झालं, पण वर्षातून एकदा-दोनदा मिळणाऱ्या बोनसच्या रकमा बारा महिन्यांत विभागल्यामुळे महिन्याचा पगार जवळजवळ तितकाच राहिला. घरभाडं आणि कर्जाचे हप्ते महिन्याचे असतात, वर्षाचे नसतात, हे ओळखून केलेली ती रचना होती. त्याच कंपनीने 2024 च्या सप्टेंबरमध्ये नोकरीची अनेक वर्षांची हमी रद्द करण्याची नोटीस दिली. डिसेंबरच्या तडजोडीत हमी 2030 अखेरपर्यंत परत आली आणि जर्मनीतला एकही प्लांट लगेच बंद न करण्याचं ठरलं. पण 2030 पर्यंत 35,000 हून जास्त जागा कमी करण्याचं आणि पगारवाढ रोखून ठेवण्याचंही युनियनने मान्य केलं. हमीच्या कलमात ‘नोटीस देऊन रद्द’ करण्याची सोय असेल तर ती नोटीस कधी ना कधी येते, असं धरूनच तिची किंमत लावा.

सूट देताना परतीची अट घाला: व्यवस्थापनाने हमी मोडली, तर सोडलेली पगारवाढ सहीच्या तारखेपासून थकबाकीसह लागू होईल.

सभासदांना कसं विचारायचं

‘पैसा हवा की सुरक्षितता?’ असं विचारलंत तर उत्तर ‘दोन्ही’ येईल आणि तुमच्या हाती काहीच लागणार नाही. जोड्या करून विचारा. ‘2 पगार रोख आणि हमी नाही’ विरुद्ध ‘अर्धा पगार रोख आणि 3 वर्षं संख्येची मर्यादा’. मग दुसरी बाजू थोडी हलवा, पुन्हा विचारा. पाच जोड्या पुरेत. कोणत्या जोडीला माणूस बाजू बदलतो, तिथे त्याच्या मनातली हमीची किंमत सापडते. चिठ्ठीवर नाव नको, पण सेवेची वर्षं (5 पर्यंत, 5 ते 15, 15 ते 25, त्यापुढे) आणि विभाग हवा. सगळ्यांचा निकाल एकत्र न करता गटवार वाचा. 25 वर्षांवरचे संख्येने जास्त असतील तर बहुमत नेहमी रोखीकडे झुकेल, आणि तळाच्या 107 जणांवर तो कौल बंधनकारक राहील. हे कमिटीने उघडपणे बोलायचं असतं.

ज्येष्ठांना द्यायलाही काहीतरी हवं. निवृत्तीच्या देण्यात वाढ किंवा लवकर निवृत्तीची चांगली अट मिळाली तर ते बाहेर पडतात आणि खालच्यांच्या जागा राहतात. दोन्ही गटांचं हित जिथे जुळतं अशी ही एक जागा, ती वाया घालवू नका.

टेबलावर

हमीचं कलम आधी, पूर्ण मसुद्यासह आणि दोन्ही बाजूंच्या आद्याक्षरांसह. पैसा नंतर. ‘तत्त्वतः मान्य, भाषा नंतर ठरवू’ असं म्हणून पैशाकडे वळलात की रात्री दोन वाजता सगळे थकलेले असताना भाषा ठरते आणि ‘शक्यतो’ परत येतो. व्यवस्थापनाने एकरकमी आकडा बाहेर फोडला, सभासदांच्या फोनवर तो पोचला, तर त्याच शिफ्टला गेटवर वरचा हिशेब लावा: तीन पगारांतला 1.1 कसा, सोळावा महिना कोणता. उशीर झाला तर लोक मनात ती रक्कम खर्च करून मोकळे होतात.

रोख कधी घ्यावी

प्लांट बंद होणार हे कागदावरून नक्की झालं असेल तर हमीवर एक दिवसही घालवू नका. तेव्हा भांडायचं ते सेवेच्या प्रत्येक वर्षामागे किती दिवसांचा पगार, वैद्यकीय संरक्षण किती महिने, आणि पैसे कुठे ठेवले आहेत यावर. रक्कम सहीच्या वेळीच तिसऱ्या पक्षाच्या खात्यात जमा झाली पाहिजे. कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर वचन हा रांगेतला आणखी एक दावा होतो.

कलमाला दंड, तारीख आणि आकडा यांतलं काहीच मिळत नसेल, तर त्या कागदासाठी पगारवाढ सोडू नका. मग रोख घ्या, आणि तीही शक्यतो निम्मी मूळ पगारात मिसळून. गळतीने काम भागणार असेल आणि प्लांटला धोका नसेल तरही पैशाच्या बाजूने जा.

मंजुरी आणि नंतर

मतदानाआधी किमान 3 दिवस प्रत्येकाच्या हाती एक पान द्या: मिळालं काय, सोडलं काय, हमीचं कलम शब्दशः, आणि तीन वेगवेगळ्या सेवाकाळांच्या सभासदांचा पुढच्या 6 वर्षांचा हिशेब. सोडलेल्या गोष्टींचा रकाना लपवलेलं पान पहिल्याच वाचनात ओळखू येतं.

सही झाल्यावर दर महिन्याच्या 5 तारखेला विभागवार संख्या व्यवस्थापनाकडून लेखी घ्या आणि अनुसूचीशी ताडून बघा. एक जागा जरी 60 दिवसांहून जास्त रिकामी राहिली तर 61 व्या दिवशी तक्रार दाखल करा, ‘एकच तर जागा आहे’ म्हणून सोडू नका. दोन-तीनदा सोडलं की पुढच्या लवादात ‘युनियनने ही पद्धत मान्य केली होती’ असा मुद्दा येतो, आणि तुमच्याच गप्प बसण्याचे महिने तारखांसह समोर मांडले जातात.